शरीराला विचारायचं नसतं

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पाळंदे गुरुजी हयात आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही, तेव्हा मला बोलायला हरकत नसावी.

परवा आमच्या कॉलनीत योगाचा वर्ग सुरू झाला. उद्घाटनाला दोन शब्द बोला म्हणून मंडळी मला बोलवायला आली. मी लोणावळ्याची, म्हणजे योगाश्रमाच्या गावची, त्यामुळे योगाबद्दल मला आपुलकी असणार असा त्यांचा समज. मी नको म्हटलं. ती निघून गेल्यावर दिवसभर पाळंदे गुरुजी डोक्यातून गेले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी लोणावळ्यात मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. आमचे हे रेल्वेत तारबाबू. स्टेशनाजवळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. पाळंदे भांगरवाडीत एका पारशाच्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे आणि तिथंच योगाचा वर्ग घ्यायचे. मूळचे कुठले, घरी कोण, हे कुणाला माहीत नव्हतं. बुटके, काळेसावळे, अंगावर चरबीचा कण नाही. पिळलेल्या दोरखंडासारखे दंड. डोक्याचा गोटा. कमरेला पंचा, खांद्यावर उपरणं आणि पायात खडावा. बाजारपेठेतून चालले की त्या खडावांचा आवाज आधी यायचा आणि वाण्याच्या दुकानात बसलेली माणसं आपोआप सरळ बसायची. कारण वाकून बसलेला माणूस दिसला की पाळंदे जवळ जाऊन त्याच्या मणक्यात अंगठा रुतवायचे आणि ओरडायचे, "पाठ!"

ओळख असो वा नसो. तालुक्याच्या मामलेदारालाही त्यांनी अंगठा लावला होता असं सांगत.

बघायचे ते पापणी न लवता. त्राटकाची सवय म्हणे. समोरच्याला वाटायचं, आपल्या कपाळावर काहीतरी चढलंय. आणखी एक खोड म्हणजे बोलता बोलता मध्येच बोट वर करून गप्प व्हायचे. म्हणजे कुंभक सुरू झाला, आत घेतलेला श्वास आतच कोंडला. तो सुटेपर्यंत समोरच्यानं ताटकळत उभं राहायचं. आमच्या मुख्य बाई एकदा त्यांना शाळेची वेळ सांगायला गेल्या, तर गुरुजींचं बोट वर. बाई भर उन्हात उभ्या. श्वास सोडल्यावर म्हणाले, "हं. वेळ काय म्हणालात?"

शाळेत त्यांना बोलावलं ते बाईंनीच. तेव्हा मुलांना नमस्कार घालायला लावण्याची लाट होती. आमच्या मुली सकाळी पटांगणात परकर सावरत सूर्यनमस्कार घालत. बाईंना वाटलं, जाणता माणूस गावात आहे, त्यानं जरा बघावं. पाळंदे आले, नमस्कार बघितले आणि म्हणाले, "या उठाबशा झाल्या. शिक्षा म्हणून ठीक आहेत." मग काही विचारायच्या आत उपरणं बाजूला फेकून, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्यांनी पोट आत ओढलं. पोट पाठीला चिकटलं. नळासारखा एक जाड वळ मधोमध उभा राहिला आणि डावी-उजवीकडे फिरायला लागला. धाकट्या वर्गातल्या मुली किंचाळल्या. मोठ्या मुली तोंडाला पदर लावून हसू दाबत होत्या. बाईंचा चेहरा पांढराफटक.

मी पुढे होऊन म्हटलं, "गुरुजी, मुलींची शाळा आहे. पुरे."

त्यांनी पोट फिरवायचं थांबवलं नाही. थांबले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "देहाची ज्यांना लाज वाटते त्यांनी देह सोडावा. आणि बाई, तुमचा आवाज गळ्यातून येतोय. गळ्यातून बोलणारी माणसं भित्री असतात."

माझ्या वर्गातल्या मुलींसमोर! त्या दिवसापासून मला तो माणूस आवडला नाही, आणि पुढे जे झालं त्यानं माझं मत चुकीचं ठरवलं नाही.

तरी एक सांगायला हवं. लबाड नव्हते. बंगलेवाल्या शेठ लोकांकडून काय घेत असतील ते असो, गावातल्या माणसाकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. भोंदू असते तर बरं झालं असतं. भोंदूला लोक लवकर ओळखतात. पाळंद्यांचं जे होतं ते खरं होतं, म्हणूनच त्यांच्यापासून सुटणं अवघड होतं.

बाजारात इमामभाईंची पावाची भट्टी होती. इमामभाई मूळचे कार्ल्याकडचे, अंगानं दांडगे, पण उभ्या जन्मात भट्टीच्या तोंडाशी वाकून वाकून त्यांच्या कमरेचं पार धनुष्य झालं होतं. वैद्य झाले, हाडवैद्य झाले, पीराला चादर झाली. पाळंद्यांनी एकदा रस्त्यात त्यांना अंगठा लावला आणि इमामभाई कळवळून खाली बसले. "उद्यापासून ये," एवढंच पाळंदे म्हणाले. वर्षाच्या आत इमामभाई ताठ झाले. मी स्वतः पाहिलंय, खोटं कशाला बोलू? भट्टीवर आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे. मला म्हणायचे, "मास्तरीणबाई, तुमी काय बी म्हना. गुर्जी कडू हाईत, पन औषध कडूच आसतं."

"गोड औषधंही असतात," मी म्हणायचे.

"आसतील. पन त्यानं माजी पाठ कुटं सरळ झाली?"

गोड औषध गावात होतंच. अण्णा जोशी, पोस्टातून निवृत्त झालेले. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत सकाळी चार म्हातारे, दोन-तीन विधवा बायका आणि आईनं पिटाळलेली पोरं यांना ते योग शिकवत. पोरांना सावकाश नमस्कार, म्हाताऱ्यांना बसल्या जागी मान-खांदे फिरवणं, बायकांना उताणं पडून पोटावर हात ठेवून श्वास बघत राहणं. ज्याला झेपेल ते. अण्णांचा योग म्हणजे वरणभात. त्यांच्याकडे कुणाला इजा झाली नाही, आणि कुणाला चमत्कारासारखा गुण आला अशी बोंबही उठली नाही. शिकवता शिकवता पोस्टातल्या गोष्टी सांगत, त्याच त्याच. शवासन शिकवताना एकदा स्वतःच घोरायला लागले होते. पाळंदे त्यांच्या वर्गाला डुलकीयोग म्हणत. अण्णा ते ऐकून हसत.

"नवीन माणसाला आधी काय शिकवावं?" असं कुणीतरी एकदा पाळंद्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नवशिका ही जातच मला मान्य नाही. पोहायला शिकवताना पोराला विहिरीत ढकलतात, पायरीवर बसवून पाणी दाखवत नाहीत. शरीर हे नोकर आहे. नोकराला विचारायचं नसतं, सांगायचं असतं." त्यांच्याकडे आलेला माणूस आठवड्याभरात शीर्षासनात उलटा झालेला असायचा. न झाला तर पाळंदे त्याच्याकडे बघणं बंद करायचे. गुरूनं आपल्याकडे बघू नये ही शिक्षा माणसाला किती लागते, ते मी वसंतामुळे शिकले.

वसंता माझा धाकटा दीर. मुंबईला एका छापखान्यात खिळे जुळवायचा. लहानपणापासून दमा. छापखान्यातल्या धुळीनं आणि शिशानं तो इतका वाढला की नोकरीवर पाणी सोडावं लागलं. दिवाळीनंतर कोरडी थंड हवा चांगली म्हणून यांनी त्याला आमच्याकडे आणला. बावीस-तेवीस वर्षांचा तरणा मुलगा, पण स्टेशनाचा जिना चढून आला की भिंतीला हात लावून उभा राहायचा. डॉक्टरांनी एक पूड दिली होती. निखाऱ्यावर टाकून तिचा धूर छातीत ओढायचा. आमच्या दोन्ही खोल्यांना तो उग्र वास कायमचा बसला होता. वसंताला त्याची फार लाज वाटे. कुणी आलं की आधी खिडक्या उघडी.

माघी गणपतीच्या उत्सवात मंडळानं अण्णांना आणि पाळंद्यांना, दोघांनाही, एकाच संध्याकाळी बोलावलं. आधी अण्णा बोलले. नवीन माणसानं भरल्या पोटी योग करू नये, घाई करू नये, शेजाऱ्याकडे बघून आपलं अंग ताणू नये, दुखलं की थांबावं, आणि आजारी माणसानं औषध चालू ठेवून, डॉक्टरला विचारून करावं. सगळं बरोबर. मंडपात जांभयांची साथ आली.

मग पाळंदे उठले. भाषण नाही काही नाही. पद्मासन घालून बसले आणि भजनी मंडळींना म्हणाले, "एक अभंग म्हणा. घाई करू नका. संपेपर्यंत मी श्वास घेणार नाही."

टाळ सुरू झाले. पाळंद्यांनी श्वास भरला, हनुवटी छातीला लावली आणि दगड झाले. पहिलं कडवं झालं, ध्रुपद फिरून आलं, दुसरं झालं. बुवांनाही चेव आला, त्यांनी आलाप घेतला. मंडपातली माणसं नकळत स्वतःचे श्वास धरून बसली होती आणि मध्येच भसकन सोडत होती. मी बायकांत बसले होते. पुरुषांच्या बाजूला वसंता दिसत होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. आपल्याला जो श्वास घासाघासानं मिळवावा लागतो तो हा माणूस खुशाल बाजूला ठेवून बसला आहे, हे तो बघत होता.

दुसऱ्या दिवशी वसंता भांगरवाडीला गेला.

"वसंत भावजी, अण्णांकडे जा ना," मी म्हटलं. "तिथं सोसेल एवढंच असतं."

"वहिनी, सोसेल एवढंच करत आलोय जन्मभर," तो म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मीच खोटी पडले. वसंताच्या गालावर रंग आला. सकाळी वळवणच्या धरणापर्यंत चालत जाऊन यायला लागला. पाणी एका नाकपुडीतून घेऊन दुसऱ्या नाकपुडीतून काढायचा, शीर्षासन करायचा. उलटा उभा राहून हसायचा, आणि खिशातून खाली पडलेले पैसे आमच्या पोरांना उचलू द्यायचा. घरातला धुराचा वास गेला. यांना तर पाळंदे म्हणजे देव वाटायला लागले. मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून पूड लागत नसेल.

पूड लागत होती. पाळंद्यांनी बंद करायला लावली होती. "धूर ही कुबडी आहे. कुबडी टाकल्याशिवाय पाय धरणार नाही," असं त्यांचं म्हणणं. वसंता रोज थोडाथोडा गुदमरत होता आणि आम्हाला कळू देत नव्हता. गुरुजी त्याच्याकडे बघत होते ना!

चैत्र संपता संपता एका सकाळी ते घडलं. मी तेव्हा शाळेत होते. ही हकीकत मला इमामभाईंनी सांगितली, आणि तीही एकदाच.

वर्गात भस्त्रिका चालली होती. लोहाराचा भाता चालावा तसा श्वास आत-बाहेर करायचा आणि मग कोंडून धरायचा. वसंताला आदल्या दिवसापासून धाप होती. त्यानं तसं सांगितलं. पाळंदे म्हणाले, "शरीर सांगतंय. तू त्याच्या वतीनं सांगू नकोस." त्यानं भाता चालवला, श्वास कोंडला. सोडला तो परत आत जाईना. आधी शिट्टीसारखा आवाज, मग तोही बंद. ओठ निळे. चटईवर आडवा झाला आणि बोटांनी चटईच्या काड्या ओरबाडायला लागला.

माणसं उठली. पाळंद्यांनी हात आडवा केला. "कोणी हात लावायचा नाही. शरीर हट्ट करतंय. दमेल आणि वळणावर येईल."

सगळे थांबले. हे मला आजही उमगत नाही. पंधरावीस धडधाकट माणसं होती, त्यांत एक वकील होता, एक शाळामास्तर होता. समोर माणूस गुदमरतोय आणि गुरूचा हात आडवा आहे म्हणून सगळे उभे. इमामभाई म्हणाले, "मी बी उभा व्हतो बाई. खोटं कशाला बोलू? मंग त्यानं माज्याकडं बगितलं. बोलता येत न्हवतं, नुसतं बगितलं."

इमामभाई पुढे झाले. पाळंदे म्हणाले, "इमाम, मागे हो. याला आता उचललंस तर परत या शेडात पाय ठेवायचा नाही."

"गुर्जी," इमामभाई म्हणाले, "ही पाठ तुमीच नीट केली. म्हनून तर ह्याला उचलता येतंय."

आणि वसंताला पाठुंगळी घेऊन ते भांगरवाडीहून बाजारातल्या डॉक्टरांकडे पळत आले. रस्त्यात लोकांना वाटलं, भट्टीवर कुणी भाजलं. डॉक्टरांनी सुई टोचली. श्वास परत आत गेला. थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी पोचले तेव्हा वसंता भिंतीला टेकवून बसवलेला होता आणि इमामभाई दाराबाहेर उकिडवे बसून रडत होते. मी त्यांना आत चला म्हटलं, तर नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यावर खडावा वाजल्या.

हे घरी होते. वसंता आतल्या खोलीत पडला होता. मी दारात जाऊन उभी राहिले आणि बाजूला सरले नाही. वाटलं होतं, माणूस माफी मागायला आला असेल. मनाशी ठरवलंही होतं, एवढ्या वयाचा माणूस वाकला तर फार बोलायचं नाही.

"उद्यापासून पाठवा त्याला," पाळंदे म्हणाले. "अर्धवट सोडलं तर जास्त नुकसान होतं."

यांनी मागून "या ना गुरुजी, बसा ना" म्हटलं. मी म्हटलं, "बसायचं नाही. काल तो मेला असता."

"नसता मेला."

"तुम्हाला काय ठाऊक?"

ते माझ्याकडे तसंच पापणी न लवता बघत राहिले. मग म्हणाले, "मी नाही मेलो. मला याच्यापेक्षा वाईट दमा होता. माझ्या गुरूंनी मला ओढ्याच्या काठावर तसाच पडू दिला होता. एक संपूर्ण दिवस. मला कोणी उचललं नाही, बाई. म्हणून मी उठलो."

पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून त्यांच्याबद्दल काही ऐकलं. तो आवाज गळ्यातून आला होता. क्षणभर मला त्या ओढ्याकाठी पडलेलं एक पोर दिसलं. नाही दिसलं असं म्हणणार नाही. पण आत वसंता कण्हला.

"तुम्हाला कोणी उचललं नाही हे फार वाईट झालं," मी म्हटलं. "पण त्याचा सूड माझ्या दिरावर उगवू नका. दुसऱ्याला गुदमरताना बघून ज्याला ती विद्या वाटते, त्याच्याशी मला बोलायचं नाही. या आता."

त्यांनी बोट वर केलं. कुंभक! माझ्या उंबऱ्यावर! श्वास सोडून झाला की काही थोर वाक्य बोलणार होते. मी दार लावून घेतलं.

हे आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. चाळीतल्या बायका म्हणाल्या, साधू माणसाला उंबऱ्यावरून हाकलू नये, तळतळाट लागतो. वकिलाच्या बायकोनं हळदीकुंकवाला मला बोलावलं नाही. पण वर्ग ओसरत गेला. पाळंद्यांच्या विरुद्ध कुणी बोललं नाही. नुसतं कुणाला सकाळी काम निघायला लागलं, कुणाचा गुडघा दुखायला लागला. त्या शेडमध्ये आपण उभे होतो हे एकमेकांच्या तोंडाकडे बघून रोज आठवायला नको, असं असेल. पावसाळ्याआधी शेडला कुलूप लागलं. पाळंदे कुठं गेले ते पारशालाही सांगून गेले नाहीत.

इमामभाई मात्र भट्टी पेटवण्याआधी पिठाच्या पोत्यांमध्ये चादर टाकून आसनं करत राहिले. मी एकदा छेडलं, "अजून चालू आहे का गुरुजींचं?"

"विद्या ठिवली, मानूस सोडला," ते म्हणाले आणि पाव बांधायला लागले.

वसंता बरा व्हायला पुढची दिवाळी आली. डॉक्टरांची पूड चालू झाली, घरात पुन्हा वास आला, आणि तो मला अत्तरासारखा वाटायला लागला. मी त्याला हाताला धरून अण्णांकडे नेलं. अण्णांनी त्याला ओवरीत उताणं निजवलं. "काही करायचं नाही. श्वास येतो कसा, जातो कसा, तेवढं बघ. अडला तर उठून बस." पुढे भिंतीला टेकून खांदे मोकळे करणं, मग जरा लांब श्वास सोडणं, घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष. नमस्कार फार उशिरा, तेही अर्धे. पोस्टातल्या गोष्टी सोबत होत्याच. दमा गेला नाही. पण दमा आला की वसंता पूर्वीसारखा घाबरत नसे. बसायचा, सोडायचा, पूड ओढायचा, आणि वेळ निघून जायची. पुढे ठाण्याला नोकरी लागली, लग्न झालं.

अण्णांकडून परत येताना एकदा मी म्हटलं, "बघा, हेच आधी केलं असतंत तर?"

वसंता म्हणाला, "वहिनी, अण्णांकडे मला बरं वाटतं. पाळंद्यांकडे मी कोणीतरी होतो."

मला इतका राग आला की मी पुढे चालायला लागले. त्या माणसानं याचा श्वास नेला होता, आणि तरी याच्या मनातली उत्तम जागा अडवून बसला होता. वसंता त्यांना कधीही वाईट बोलला नाही. मग ते काम माझ्यावर आलं.

पाळंदे मला एकदाच पुन्हा दिसले. लढाई सुरू झाली होती. देहूरोडला लष्कराच्या गोदामांचं काम जोरात होतं, पेट्रोल मिळत नव्हतं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत होत्या. मी देहूरोडला नणंदेकडे गेले होते, तिथून तळेगावला शाळेच्या कामासाठी निघाले. सोमाटण्याच्या फाट्यावर गाडी थांबली. मागची कोळशाची भट्टी ढोसायला ड्रायव्हर उतरला. फाट्यावरून एक म्हातारा चढला. डोक्यावर पांढरे केस वाढलेले, दाढी वाढलेली, पायात साध्या वहाणा. मी ओळखलंच नसतं, पण तो माझ्यासमोर बसला आणि पापणी न लवता माझ्याकडे बघायला लागला.

"लोणावळ्याच्या बाई," पाळंदे म्हणाले.

मी मान हलवली. गाडी सुरू झाली. ते खिडकीतून बाहेर बघत होते. हात मांडीवर होते आणि अंगठा दुसऱ्या अंगठ्याला घासत होता.

"तो मुलगा," ते म्हणाले. "गेला ना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. इतकी वर्षं या माणसाची अशी समजूत होती की वसंता त्या दुखण्यातून उठला नाही. ही समजूत उराशी घेऊन तो हिंडत होता, आणि तरी विचारलं ते असं, पाऊस पडला ना, म्हणून विचारावं तसं.

"ठाण्याला असतो," मी म्हटलं. "लग्न झालं. मुलगी आहे."

त्यांचे अंगठे थांबले. त्यांच्या डोळ्यांच्या पापण्या लवल्या. मी पहिल्यांदाच पाहिलं ते. तेवढ्यावर गाडी तळेगावात शिरली असती तर कदाचित माझ्या मनातलं काही मऊ झालं असतं.

"श्वास?" त्यांनी विचारलं.

"चालतो. दमा आहे, पण चालतो."

"कोणाच्या पद्धतीनं?"

माणूस जिवंत आहे हे कळल्यावर याला हे विचारायचं होतं!

"अण्णा जोशांच्या," मी म्हटलं. "आणि डॉक्टरांच्या पुडीच्या."

पाळंद्यांनी वर लोंबणारी दोरी ओढली. घंटी वाजली. गाडी माळावर थांबली. तिथं गाव नाही, झाड नाही, टळटळीत ऊन. ते उतरले आणि ज्या बाजूनं आम्ही आलो होतो त्या बाजूला चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. गाडीच्या धुरात आणि धुळीत थोडा वेळ दिसत राहिले.

कंडक्टर दार लावत म्हणाला, "तळेगावचं तिकीट काडून हितंच उतरलं म्हातारं. वळखीचं व्हतं काय, बाई?"

"हो," मी म्हटलं. "आमच्या घरातला एक जीव वाचला त्यांच्या हातून."

"आसं? मंग लय पुण्यवान मानूस म्हनायचा," कंडक्टर म्हणाला, आणि त्यानं खिडकीतून मागे बघून कपाळाला हात लावला.